फिनिश शिकायची तर कुठे आणि कशी?

फिनलंडला निघालेली मंडळी भाषेबद्दल विचारतात तेव्हा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "चांगला क्लास कुठला?" त्याआधीचा प्रश्न मात्र राहून जातो, तो म्हणजे फिनिश आपल्याला हवी कशासाठी. ताम्पेरेत इंग्रजीतून मास्टर्स करून तिथेच नोकरी शोधणारी मुलगी, नवऱ्याच्या नोकरीमुळे एस्पोत संसार थाटलेली बाई, तिथल्या इस्पितळात काम करू पाहणारा डॉक्टर आणि पुण्यात बसून निव्वळ आवडीने भाषा शिकणारा मुलगा, या चौघांच्या वाटा वेगळ्या आहेत. एकाला जे शिक्षण फुकट मिळू शकतं त्यासाठी दुसरा उगाच पैसे मोजतो, आणि ज्याला परीक्षेचं प्रमाणपत्र हवं आहे तो दोन वर्षं मोबाइलवरच्या ॲपवर घुबडं आणि चेटक्यांची वाक्यं घोकत बसतो.

आपल्याला जर्मनची सवय आहे. मॅक्स म्युलर भवनात जायचं, ए१ला, म्हणजे पहिल्या पातळीला, नाव घालायचं, पायरी पायरीने वर जायचं आणि परीक्षाही इथेच द्यायची. फ्रेंचसाठी अलियाँस फ्राँसेज आहे, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येही जपानी, रशियन, स्पॅनिशचे वर्ग वर्षानुवर्षं चालत आले आहेत. फिनिशचं असं काही नाही. फिनलंडच्या सांस्कृतिक संस्था बर्लिन, पॅरिस, लंडन, स्टॉकहोम, बुडापेस्ट, टालिन अशा शहरांत आहेत, पण प्रत्येकीचा कारभार स्वतंत्र आहे. जगभर एकच अभ्यासक्रम आणि एकच परीक्षा चालवणारं जाळं फिनलंडने उभारलेलं नाही. सरकारमान्य परीक्षा, जिला सगळे 'युकी' म्हणतात, ती फिनलंडमध्ये जाऊनच द्यावी लागते. म्हणजे भारतातून तुम्ही पाया घालू शकता, पण शिक्का मारून घेऊ शकत नाही. हे एकदा लक्षात आलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

भाषा अवघड आहे म्हणजे नेमकं काय?

फिनिश ही युरोपातल्या बहुतेक भाषांची नातेवाईक नाही. ती उरालिक कुळातली. एस्टोनियन तिची सख्खी बहीण, हंगेरियन दूरची चुलत बहीण. शेजारच्या स्वीडिश आणि रशियनशी तिचं रक्ताचं नातं नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला फिनिशसाठी ४४ आठवडे, म्हणजे साधारण ११०० तासांचे वर्ग लागतील असं धरते. हिंदीही त्यांनी याच गटात ठेवली आहे. तेव्हा या आकड्याने मराठी माणसाने घाबरून जायचं कारण नाही, उलट आपल्याला इथे एक चांगली सोय आहे.

पुस्तकं सांगतात की फिनिशमध्ये १५ विभक्ती आहेत, आणि तेवढं ऐकूनच लोक पुस्तक मिटतात. पण त्यातल्या बऱ्याचशा विभक्ती म्हणजे आपले 'त', 'तून', 'वर', 'वरून' आहेत. रस्ता म्हणजे 'कातु', आणि रस्त्यावर म्हणजे 'कादुल्ला'. 'कातु'चा 'कादु' का झाला? आपण तरी 'रस्तावर' कुठे म्हणतो? 'रस्ता'चं 'रस्त्या' होतं आणि मग प्रत्यय लागतो. शाळेत आपण ज्याला सामान्यरूप म्हणायचो तोच प्रकार. दुकान म्हणजे 'काउप्पा'; दुकानात 'काउपास्सा', दुकानातून 'काउपास्ता', पण दुकानात जायचं असेल तर 'काउप्पान', शेवटचा 'आ' लांबवून. पहिल्या दोन रूपांत जोड 'प्प'चा साधा 'प' झाला, तिसऱ्यात तो टिकला. इंग्रजी माध्यमातून विचार करणाऱ्याला हे रूपबदल अंगावर येतात. मराठीतून विचार केला तर निदान असं काही होऊ शकतं याचं आश्चर्य वाटत नाही. उच्चारांतही तसंच आहे. 'पका' आणि 'पक्का' यांतला फरक आपल्या कानाला सांगावा लागत नाही, आणि फिनिशमध्ये 'तुलि' म्हणजे आग, 'तूलि' म्हणजे वारा, 'तुल्लि' म्हणजे जकात. 'बॅट'मधला 'ॲ' तर आपल्या लिपीतच आहे. ओठ गोल करून 'ई' आणि 'ए' म्हणायची सवय तेवढी नव्याने करावी लागते.

खरी अडचण दुसरीकडे आहे. 'मी कॉफी पितोय' आणि 'मी कॉफी पिऊन टाकतो' हा फरक आपण क्रियापदातून दाखवतो. फिनिश तो नामाच्या शेपटीतून दाखवते: 'युओन काह्विआ' म्हटलं तर पिणं चालू आहे किंवा थोडी कॉफी पितोय, 'युओन काह्विन' म्हटलं तर कप रिकामा होणार. क्रियापद दोन्हीकडे तेच. या एका गोष्टीवर वर्गात महिनोन्‌महिने जातात आणि जायलाच हवेत. म्हणून निव्वळ ॲपवर फिनिश शिकता येईल असं मला वाटत नाही. ड्युओलिंगोने २०२० साली फिनिश आणली ती शब्द आणि कान तयार करायला उपयोगी आहे, पण 'का' हा प्रश्न विचारायला समोर शिक्षक लागतो.

भारतात बसून

इथून सुरुवात करायची तर सरळ ऑनलाइन वर्ग. फिनलंडमध्ये 'केसॅयुलिओपिस्तो' नावाच्या संस्था आहेत. शब्दशः उन्हाळी विद्यापीठं, पण चालतात वर्षभर, आणि परदेशी लोकांना फिनिश शिकवणं हे त्यांचं मोठं काम आहे. हेलसिंकी, ताम्पेरे, तुर्कू, युवॅस्क्युलॅ इथल्या अशा संस्थांचे पुष्कळ वर्ग आता ऑनलाइन असतात. विद्यापीठांच्या मुक्त शाखांमध्येही प्रवेशपरीक्षा न देता भाषेचे कोर्स घेता येतात. नाव नोंदवण्याआधी दोन गोष्टी पत्र पाठवून विचाराव्यात: नोंदणीला फिनिश ओळखक्रमांक लागतो का, आणि शिकवण्याची भाषा कोणती. पहिल्या पातळीला शिक्षक इंग्रजीचा आधार घेतात, पुढे मात्र फिनिशमधूनच फिनिश शिकवतात. वेळेचं गणितही करून ठेवा. फिनलंड आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे आहे, त्यामुळे त्यांचा संध्याकाळी साडेपाचचा वर्ग जानेवारीत आपल्याकडे रात्री नऊला सुरू होतो. नोकरी करणाऱ्याला ही वेळ खरं तर सोयीची पडते.

याच्या जोडीला रोज ऐकण्यासाठी 'यूले' या सरकारी प्रसारण संस्थेच्या 'सेल्को ऊतिसेत' या बातम्या आहेत. सोप्या फिनिशमध्ये, सावकाश, छोट्या वाक्यांत दिलेल्या या बातम्या फुकट ऐकता आणि वाचता येतात. पहिले काही आठवडे एक अक्षर कळणार नाही. तरीही ऐकाव्यात, कारण हवामान, संसद, संप, हॉकी हे शब्द रोज परत येतात आणि हळूहळू ओळखीचे होतात. माझ्या मते फिनिश शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगलं फुकट साधन दुसरं नाही.

जायच्या आधी किती यावं? ए१ पुरी करून गेलात तरी मोठा फरक पडतो. तिथल्या पहिल्या सत्रात घर, थंडी, अभ्यास आणि अर्धवेळ काम सांभाळताना मुळाक्षरांपासून सुरुवात करणं फार जड जातं.

तिसऱ्याच देशात असाल तर

जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, स्वीडन इथे राहणाऱ्या मराठी मंडळींना पर्याय जास्त आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्लाव्ह आणि पूर्व युरोपीय अभ्यास विभागात फिनिश शिकवली जाते. जर्मनीत ग्राइफस्वाल्ड आणि ग्यॉटिंगेन, ऑस्ट्रियात व्हिएन्ना, हंगेरीत बुडापेस्ट, एस्टोनियात तार्तू ही या विषयाची जुनी ठिकाणं. हंगेरी आणि एस्टोनियात फिनिशचा अभ्यास म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच भाषाकुळाचा अभ्यास, त्यामुळे तिथली परंपरा पक्की आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि ब्लूमिंग्टनचं इंडियाना विद्यापीठ, कॅनडात टोरांटो, चीनमध्ये बीजिंगचं परकीय भाषा विद्यापीठ. पदवी नको, नुसती संध्याकाळची शिकवणी हवी असेल तर जर्मनीतल्या मोठ्या शहरांची फोक्सहोखशूलं, म्हणजे तिथली लोकशिक्षण केंद्रं, हा स्वस्त मार्ग. स्वीडनमध्ये तर फिनिश ही मान्यताप्राप्त अल्पसंख्याक भाषा आहे, त्यामुळे स्टॉकहोम आणि उप्सालाच्या विद्यापीठांत ती मिळते.

मात्र बाहेरच्या विभागांवर फार भिस्त ठेवू नये, ते बंदही पडतात. मिशिगन राज्यात हॅनकॉकला फिनिश स्थलांतरितांनी १८९६ साली सुरू केलेलं कॉलेज पुढे फिनलंडिया विद्यापीठ झालं आणि २०२३ साली कायमचं बंद झालं. सव्वाशे वर्षांची संस्था गेली, हे फार वाईट झालं. मिनेसोटात बेमिजीजवळ 'सालोलाम्पी' नावाचं फिनिश भाषेचं उन्हाळी शिबिर चालतं. तिथे मुलं जंगलात, तळ्याकाठी, सौना म्हणजे वाफेच्या स्नानासकट फिनिशमध्ये दिवस काढतात. घरात एक पालक फिनिश असेल तर बऱ्याच देशांत शनिवारच्या 'सुओमी शाळा' भरतात. त्या मुळात मुलांसाठी आहेत, पण काही ठिकाणी मोठ्यांचाही गट असतो.

परदेशी विद्यापीठात फिनिश शिकणाऱ्यांना आणखी एक फायदा असू शकतो, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. फिनलंडचं राष्ट्रीय शिक्षण मंडळ अशा विद्यार्थ्यांसाठी फिनलंडमध्ये भाषा आणि संस्कृतीचे उन्हाळी वर्ग भरवत आलं आणि परदेशातल्या फिनिश अध्यापनाला मदतही करत आलं. तुमचा विषय भाषाशास्त्र असेल, विद्यापीठ बदलण्याची किंवा एका सत्रासाठी दुसरीकडे जाण्याची मुभा असेल, तर यातलं आता काय चालू आहे ते आधी शिक्षकांना विचारा.

फिनलंडमध्ये पोहोचल्यावर

इथे पर्यायांची गर्दी आहे आणि स्वस्ताईही आहे. इंग्रजीतून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या विद्यापीठाच्या भाषा केंद्रात फिनिशचे वर्ग अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळतात, श्रेयांकही मिळतात आणि वेगळी फी पडत नाही. पहिल्या सत्रात जागा धरा. मुलं म्हणतात, आधी अभ्यास मार्गी लावू, मग भाषा. दोन वर्षं संपता संपता नोकरीच्या जाहिराती वाचताना कळतं की हेलसिंकीतल्या काही सॉफ्टवेअर कंपन्या आणि संशोधनगट सोडले तर बहुतेक ठिकाणी फिनिश हवीच आहे. पदवीनंतर काम शोधण्यासाठी दोन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो, पण ती दोन वर्षं भाषेचा श्रीगणेशा करण्यात गेली तर त्या सवलतीचा अर्धा उपयोग वाया जातो.

विद्यापीठात नसलेल्यांसाठी गावोगावची प्रौढ शिक्षण केंद्रं आहेत. कुठे त्यांना 'कान्सालाइसोपिस्तो' म्हणजे नागरिकांची शाळा म्हणतात, कुठे 'त्योवॅएनोपिस्तो' म्हणजे कामगारांची शाळा. ताम्पेरेची कामगार शाळा १८९९ साली निघाली, देशातली पहिली. सरकारी मदत असल्याने इथली फी कमी असते. संध्याकाळचे वर्ग, आठवड्यातून एक-दोनदा, आणि शेजारी सुतारकामाचा नाही तर विणकामाचा वर्ग चाललेला. गती मंद आहे, हे मान्य करावं लागेल. घाई असलेल्याने उन्हाळी विद्यापीठाचा रोजचा सघन वर्ग धरावा. 'कान्सानोपिस्तो' नावाच्या निवासी लोकशाळांमध्येही काही ठिकाणी फिनिशचे वर्षभराचे वर्ग असतात. तिथे जेवण, वसतिगृह आणि फिनिश मुलांचा सहवास मिळतो, त्यामुळे भाषा लवकर तोंडात बसते.

नोकरी शोधणारी व्यक्ती म्हणून नोंद झालेल्या स्थलांतरितांना 'कोतोउतुमिसकोउलुतुस' म्हणजे समाजात रुळण्याचं प्रशिक्षण मिळू शकतं. दिवसभराची शाळा, भाषा, समाजव्यवस्था, कामाचा अनुभव, आणि शिकणाऱ्याला फी नाही. २०२५च्या जानेवारीपासून नव्या कायद्याने याची जबाबदारी नगरपालिकांकडे आली आहे. जोडीदाराबरोबर गेलेल्या आपल्याकडच्या कित्येक शिकलेल्या बायका ही वाट न विचारताच घरी बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गेल्या गेल्या नगरपालिकेच्या स्थलांतरित सेवेत जाऊन 'मला यात बसता येईल का' एवढं विचारावं.

कागदावरची फिनिश आणि तोंडातली फिनिश यांत मोठं अंतर आहे. पुस्तकात 'मी आहे' म्हणजे 'मिनॅ ओलेन'. बसमध्ये ऐकाल ते 'मॅ ओओन'. 'तुझ्याकडे आहे का' हे पुस्तकात 'ओन्को सिनुल्ला', बोलताना 'ओन्क्स सुल'. वर्गात शंभर गुण मिळवणारा माणूस पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये मुका होतो तो यामुळे. त्यात हेलसिंकीत लोक इतकं सफाईदार इंग्रजी बोलतात की तुम्ही जरा अडखळलात की समोरचा मदत म्हणून इंग्रजीवर येतो.

यावरचा उपाय वाचनालयात आहे. तिथे 'किएलिकाह्विला' म्हणजे भाषेचे कॉफीगप्पांचे गट भरतात, फुकट. हेलसिंकीच्या ओओदी या मध्यवर्ती वाचनालयातही आणि छोट्या उपनगरांतही. चित्र साधारण असं असतं: दोन टेबलं जोडलेली, थर्मासमध्ये कॉफी, एक निवृत्त फिनिश बाई आणि भोवती व्हिएतनाम, इराक, युक्रेन, नेपाळहून आलेले पाच-सहा जण. विषय साधे. शनिवार-रविवारी काय केलंत, घरी जेवायला काय असतं. कुणी वाक्याच्या मध्येच अडकतं. बाई काही बोलत नाहीत, नुसत्या बघत राहतात. आपल्याला ती शांतता अवघड वाटते, वाटतं लगेच इंग्रजीत सांगून मोकळं व्हावं. पण फिनिश संभाषणात थांबणं हे संभाषणाचाच भाग असतं, बाई वाट बघत असतात, आणि अर्ध्या मिनिटाने तो शब्द येतो. वर्गात वर्षभर जे होत नाही ते इथे एका हिवाळ्यात होताना दिसतं.

पैसे, परवाना आणि परीक्षा

युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फिनलंडमध्ये २०१७पासून फी आहे, पण ती इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या बॅचलर्स आणि मास्टर्ससाठी. फिनिश किंवा देशाची दुसरी अधिकृत भाषा स्वीडिश यांतून शिकवल्या जाणाऱ्या पदवीला फी नाही, मग विद्यार्थी कुठल्याही देशाचा असो. ही सवलत घ्यायची तर विद्यापीठाच्या पातळीची फिनिश यावी लागते, ते दोन-तीन वर्षांचं काम आहे. तरीही ज्याचं वय आणि परिस्थिती साथ देते त्याने या वाटेचा विचार जरूर करावा.

उलट, नुसता भाषेचा क्लास लावून त्याच्या जोरावर लांबचा वास्तव्य परवाना मिळेल हे गृहीत धरू नका. पदवी न देणाऱ्या शिक्षणासाठी परवाना मागितला तर हे शिक्षण फिनलंडमध्येच का घ्यायचं आहे याचं पटणारं कारण द्यावं लागतं. ९० दिवसांच्या आतला उन्हाळी वर्ग असेल तर शेंगेन व्हिसावर जाता येतं. कुणी एजंट भाषावर्गाच्या नावाखाली 'आधी जा, मग बघू' म्हणत असेल तर मिग्री, म्हणजे तिथल्या स्थलांतर कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचूनच पैसे द्या.

परीक्षेचं म्हणाल तर युकीच्या तीन पातळ्या आहेत: प्राथमिक, मध्यम आणि वरची. गुण १ ते ६. बहुतेकांना लागते ती मध्यम, आणि त्यात ३ म्हणजे युरोपीय मापाने बी१, म्हणजे ए१, ए२च्या पुढची पायरी. नागरिकत्वासाठी हीच पातळी लागते, फिनिश किंवा स्वीडिशमध्ये. त्यासाठीच्या वास्तव्याची सर्वसाधारण अट २०२४च्या ऑक्टोबरपासून पाचाऐवजी आठ वर्षं झाली आहे, आणि २०२६च्या जानेवारीपासून कायम वास्तव्याच्या परवान्याच्या अटींतही भाषा आली आहे. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या डॉक्टरलाही व्यवसायाच्या परवान्यासाठी भाषेचा दाखला द्यावा लागतो. स्वीडिश सोपी म्हणून काहीजण ती वाट धरतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या स्वीडिशभाषक गावांत ते ठीकच आहे, पण ताम्पेरेत किंवा योएनसूत राहून स्वीडिश शिकलात तर प्रमाणपत्र मिळेल, शेजारी मिळणार नाही.

परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग. नागरिकत्वासाठी चारही भागांत ३ लागत नाहीत. बोलणं आणि लेखन, ऐकणं आणि लेखन, किंवा वाचन आणि बोलणं यांपैकी एका जोडीत मिळाले तरी चालतात. मध्यम पातळीवर बोलण्याची परीक्षा समोरासमोर नसते. हेडफोन लावून स्टुडिओत बसायचं, कानात प्रश्न येतो, ठरलेल्या सेकंदांत उत्तर रेकॉर्ड करायचं, शेजारी दहा जण एकाच वेळी बोलत असतात. घरी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून याची सवय करावी, नाहीतर भाषा येत असूनही गडबड होते. एकदा मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही.

परीक्षा वर्षातून ठरावीक वेळाच होते आणि मोठ्या शहरांतल्या जागा नोंदणी उघडताच भरतात. हेलसिंकीत जागा नसेल तर लहान गावाचं केंद्र घ्या आणि आदल्या रात्री रेल्वेने जाऊन राहा. प्रौढ शिक्षण केंद्रांचं शरदाचं सत्र सप्टेंबरच्या सुमाराला आणि वसंताचं जानेवारीत सुरू होतं, नोंदणी त्याच्या काही आठवडे आधी उघडते, आणि सुरुवातीच्या पातळीचे वर्ग सगळ्यात आधी भरतात. ऑगस्टमध्ये विमानात बसणार असाल तर सप्टेंबरच्या वर्गाचं नाव जुलैतच, इथून निघण्याआधी, नोंदवता येतं का ते पाहून ठेवा.